कुमुदताई आणि सकाळचा दवाखाना

कुमुदताई कासल्यांना भाषण करता येत नसे. तीनदा नगरसेविका म्हणून निवडून आलेल्या आणि शेवटी आरोग्य समितीच्या अध्यक्षपदी बसलेल्या बाईंबद्दल हे विधान मी जबाबदारीने करतो आहे, कारण त्या सभेत जे काही बोलत ते लिहून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. मी महापालिकेच्या चिटणीस खात्यात होतो. लोकप्रतिनिधींनी बोलायचं आणि आम्ही खाली मान घालून लिहायचं, हा माझा बत्तीस वर्षांचा संसार. काही सदस्य उभे राहिले की आम्ही टेबलाखाली पाय लांब करून घ्यायचो. शाळेच्या गळक्या नळावर बोलायला उठलेला माणूस देशाच्या स्वातंत्र्यापर्यंत कसा पोचतो, हे मी रोज पाहिलेलं आहे. कुमुदताईंच्या नावापुढे मात्र माझं पान कधी भरलं नाही. चार ओळी, फार तर पाच, आणि त्याही प्रश्नाच्या.

त्यातला एक प्रश्न ठरलेला असायचा. एखादे अधिकारी नव्या तपासणी केंद्राची रंगीत चित्रं पडद्यावर दाखवत अर्धा तास बोलत. ते संपलं की ताई विचारत, "छान आहे साहेब. उघडणार किती वाजता?"

"सकाळी नऊ ते दुपारी चार, मॅडम."

"आणि ज्याला तपासायचंय तो घरी किती वाजता येतो?"

साहेब सहायकाकडे बघत, सहायक कागदांकडे. कागदात ते कधीच नसे.

"रोग कुठला ते डॉक्टर बघतील, करंदीकर," त्या एकदा मला म्हणाल्या. "माणूस मोकळा कधी होतो ते बघायला कोणी नको?" आरोग्य धोरण या विषयावर मोठमोठ्या माणसांची मोठमोठी टिपणं माझ्या हाताखालून गेली, पण त्या विषयाबद्दल मला जे काही कळलं ते एवढ्या एका वाक्यात कळलं.

ताई दिसायला बुटक्या, अंगाने भरलेल्या. सुती साडी, अबोली मिळाली तर केसात अबोली, आणि पर्समध्ये भाजलेल्या शेंगदाण्यांची डबी. सभा लांबली की ती डबी टेबलावरून फिरायची. ज्या अधिकाऱ्याला नुकतंच धारेवर धरलं त्याच्यापुढेही यायची, आणि तो बिचारा घ्यावे की न घ्यावे या विचारात दोनच दाणे उचलायचा. त्या वही ठेवत नसत. एखादं काम लक्षात ठेवायचं असलं की डाव्या हातातली एक काचेची बांगडी काढून उजव्या हातात घालत. सकाळी दोन्ही हात सारखे असायचे. संध्याकाळी उजवा हात कोपरापर्यंत भरत आला, तर उद्या आपली धडगत नाही हे खातेप्रमुखांना समजायचं. काम झालं की बांगडी परत डावीकडे. ही पद्धत मी माझ्या बायकोला सांगितली तेव्हा तिने मला विचारलं, "आणि तुमच्या लक्षात राहावं म्हणून मी काय काय हलवू?"

राजकारणात येण्याआधी त्या परळच्या एका धर्मादाय रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीत अकरा वर्षं बसल्या होत्या. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर धरलेली नोकरी. पुढे वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि पक्षाला एक बाई हवी झाली. शाखेतल्या कोणीतरी म्हटलं, ती खिडकीतली कासलेबाई, तिला अर्धं लालबाग ओळखतं. अशा त्या आल्या. पक्षाला वाटलं असणार की बाई सही करतील आणि गप्प बसतील. भाषणाच्या बाबतीत पक्षाचा अंदाज खरा ठरला.

खिडकीच्या आत अकरा वर्षं काढल्यामुळे असेल, त्यांना खिडकीच्या बाहेरचं कुतूहल फार. दर मंगळवारी त्या शहरातल्या कुठल्यातरी सरकारी दवाखान्यात जाऊन रांगेत बसत. बरोबर कार्यकर्ता नाही, आधी फोन नाही. केसपेपर काढायचा, गुडघा दुखतो म्हणून सांगायचं आणि नंबर येईपर्यंत बाकावर शेजारणीशी गप्पा मारायच्या. कधी वरळी, कधी करी रोड, कधी शीव. समितीत दवाखान्यांचा विषय निघाला की त्या सांगायच्या, तिथलं वजनाचं यंत्र मोडलंय, किंवा तिथे गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावणारी मुलगी सोन्यासारखी आहे, तिची बदली करू नका.

एकदा त्यांनी मलाही नेलं. शीवच्या बाजूचा दवाखाना होता. "नुसतं बसून काय करणार, तुम्हीपण केसपेपर काढा," म्हणाल्या. मी काढला. काय होतंय, असं डॉक्टरांनी विचारल्यावर मला काही सुचेना, म्हणून थकवा येतो असं ठोकून दिलं. त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी माझं म्हणणं माझ्यापेक्षा गांभीर्याने घेतलं आणि बोटाला टोचून रक्त तपासलं. माझी साखर त्या दिवशी सापडली. बाहेर येऊन ताईंना सांगितलं तर त्या आधी घाबरल्या, मग पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "आमचा गुडघा खोटा आणि तुमची साखर खरी," म्हणाल्या. पुढे सहा महिने समितीच्या चहात माझा कप वेगळा, बिनसाखरेचा, आणि तो आला की नाही हे बघूनच त्या सभा सुरू करत. अध्यक्षांनी कारकुनाच्या चहाची चौकशी करायची रीत आमच्याकडे नव्हती. मला त्या फार आवडायच्या, हे आता सांगायला हरकत नाही.

फक्त एका दवाखान्यात त्या कधी रांगेत बसल्या नाहीत. तो त्यांच्या स्वतःच्या वॉर्डातला. "तिथे गेले की सगळे उठून उभे राहतात," त्या म्हणायच्या. "मला पुढे घालतात. तिथे मला खरं कोण सांगणार?" मला ते तेव्हा अगदी पटलं होतं.

समितीच्या इतिवृत्तावर अध्यक्षांची सही घ्यायला मला कधीकधी लालबागला त्यांच्या चाळीत जावं लागे. ताईंचं घर तिसऱ्या मजल्यावर, पण सकाळी नऊच्या सुमाराला त्या पहिल्या मजल्यावर सुमन घाडींच्या दारात उंबऱ्याशी पाट टाकून चहा घेताना सापडायच्या. दोघी मालवणकडच्या. एकाच वर्षी लग्न होऊन एकाच चाळीत आलेल्या. सुमनबाई ताईंपेक्षाही बुटक्या, सडपातळ, आवाजाने चाळ हलवणाऱ्या. पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटायला जायच्या. ताईंच्या तिन्ही निवडणुकांत दारोदार फिरल्या त्या सुमनबाईच. "आमच्या कुमुदाक मत नाय दिलंत तर जेवूक हाक मारूचंय नाय," अशी त्यांची प्रचाराची भाषा. माझ्यापुढे चहा ठेवताना त्या न चुकता म्हणायच्या, "भटजीबुवा, तुमचो बिनसाखरेचो." मी भटजी नव्हे, कारकून आहे, हे मी दोनदा सांगून पाहिलं होतं.

आता त्या दवाखान्याच्या वेळेचं सांगतो, कारण ताईंची सगळी कारकीर्द शेवटी त्या एका गोष्टीवर तोलली गेली.

वॉर्डातला दवाखाना सकाळी नऊ ते चार. गिरण्या होत्या तेव्हा पाळ्या असत, घरातला माणूस दिवसा कधी ना कधी मोकळा असे. आता पोरं मॉलमध्ये उभी, पुरुष सुरक्षारक्षक, कोणी सामान पोचवतो. सगळे घरी येतात ते दिवेलागणीनंतर, तेव्हा दवाखान्याला कुलूप. ताप अंगावर काढायचा, खोकला महिनोन् महिने वागवायचा. ताई चार वर्षं या एका मागणीमागे लागल्या होत्या, की दवाखाना संध्याकाळीही उघडा ठेवा. त्यासाठी दुसरा डॉक्टर लागणार होता. दुसऱ्या डॉक्टरची मागणी म्हणजे नवं पद, आणि नवं पद म्हणजे किती टेबलं, हे माझ्यासारख्याला सांगायला नको.

शेवटी बैठकीत एक तोड निघाली. आहे त्याच डॉक्टरांची वेळ हलवायची. सकाळ बंद, दुपारी दोन ते रात्री नऊ. हे लगेच होण्यासारखं होतं. ताईंनी एक बांगडी उजव्या हातात घातली. मग म्हणाल्या, "आधी वेळ घेऊ. माणूस मागून घेऊ." मी ते लिहिलं. कोणालाही त्यात वावगं दिसलं नाही, मलाही नाही.

नव्या वेळेच्या पहिल्या दिवशी दवाखान्यात उत्सव होता. कामावरून सुटलेली माणसं गणवेशातच आली होती. सुमनबाई कामावरून तासाची सुट्टी काढून आल्या आणि पदरचे पेढे वाटत, "आमच्या कुमुदाचो दवाखानो," असं प्रत्येकाला सांगत फिरल्या. दुसऱ्या वॉर्डांतले नगरसेवक ही पद्धत बघायला येऊन गेले. ताईंचं नाव वर्तमानपत्रात आलं, फोटोसकट. पक्षाने पुढच्या निवडणुकीच्या पत्रकावर हाच मुद्दा सगळ्यात वर घ्यायचं ठरवलं. त्या मधल्या काळात मी त्यांना जितकं समाधानी पाहिलं तितकं आधी कधी पाहिलं नव्हतं.

वर्ष-सव्वा वर्षाने एका दुपारी मी सहीसाठी फोन केला तर ताई म्हणाल्या, "रुग्णालयात या. सुमनला अर्धांग झालंय."

मी गेलो तेव्हा भेटीची वेळ होती. सुमनबाई खाटेवर. उजवा हात पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. जिने चाळ हलवली त्या बाईच्या तोंडून नुसता घुंघुं असा आवाज येत होता. ताई खाटेजवळ उभ्या होत्या आणि सुमनबाईंची मुलगी मनीषा त्यांच्या हातात एक प्लॅस्टिकची डबी देत होती. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्या गोळ्या आणायला सांगितल्या होत्या.

ताईंनी डबी उघडली. रक्तदाबाच्या गोळ्या. सगळ्या ब्लेडने अर्ध्या कापलेल्या.

"ह्या काय गो?" त्यांनी मनीषाला विचारलं.

"आई अर्धीच घ्यायची. पुरवून."

"पण गोळ्या फुकट मिळतात की. खालीच तर आहे दवाखाना."

"मावशी, आईची ड्यूटी एक ते नऊ. सकाळी दहाला जाऊन आणायची ती. आता सकाळचा बंद असतो ना." मग तिनेच पुढचं सांगितलं. "एखादी सुट्टी काढली की महिन्याच्या मिळायच्या, त्या ती दोन-तीन महिने चालवायची. मी म्हटलं होतं मावशीला सांगूया. तर माझ्यावरच ओरडली. म्हणाली, चार वर्षं राबली ती त्या दवाखान्यासाठी. तिच्या दवाखान्याला नाव ठेवायचं नाही. आणि निवडणूक आलीय."

ताईंनी डबीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. मग खाटेवर वाकून सुमनबाईंच्या कानाशी म्हणाल्या, "माका कित्याक नाय सांगलंस गो? रोज तुझ्या दारात चाय पितंय मी."

सुमनबाईंनी डावा हात उचलून त्यांच्या गालाला लावला. बोलता येत नव्हतं.

मी सहीचे कागद पिशवीत तसेच ठेवून निघालो. जिन्यापर्यंत ताई आल्या. "शहरभर विचारत फिरले, करंदीकर," त्या म्हणाल्या. "शीवच्या बायकांना विचारलं, वरळीच्या बायकांना विचारलं, किती वाजता मोकळ्या होता म्हणून. हिला नाही विचारलं." तो चहा मीही प्यायलो होतो, आणि मीही विचारलं नव्हतं.

पुढचा आठवडाभर त्या वॉर्डातल्या घराघरांत फिरल्या. सकाळी, बायका घरात असतात तेव्हा. कोणी मसाल्याच्या गिरणीत जाणारी, कोणी दुपारनंतर दोन घरी स्वयंपाक करणारी, कोणी नातवंडं सांभाळणारी म्हातारी, जिला अंधार पडल्यावर जिना उतरवत नाही. कोणी औषध सोडलं होतं, कोणी उसनं घेत होतं. आणि जवळजवळ प्रत्येकीने आधी हेच सांगितलं की दवाखाना छान चाललाय हो ताई. बाकीचं ताई उठेनात तेव्हा, तिसऱ्या-चौथ्यांदा विचारल्यावर. त्या आठवड्यात त्यांच्या डाव्या हातात एकही बांगडी उरली नव्हती.

मग त्यांनी उपसूचना द्यायचं ठरवलं. स्वतःच्याच ठरावावर.

सभेच्या आधी गटनेत्यांनी त्यांना व्हरांड्यात गाठलं. मी कागदांचा गठ्ठा घेऊन शेजारी उभा होतो, पण कारकून शेजारी असला तरी मोठी माणसं मोकळेपणी बोलतात, असा अनुभव आहे.

"ताई, हे नंतर करू," गटनेते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "निवडणूक होऊन जाऊ द्या. पत्रकं छापून झालीत. आपणच आपल्या योजनेला चुकीची म्हटलं तर समोरचे आपल्याला सोडतील का?"

"साहेब, सुमन नंतर आजारी नाही पडली."

"एक बाई आजारी पडली म्हणून सगळी योजना..."

"एक मला दिसली, कारण ती माझ्या दारात राहते," ताई म्हणाल्या. "बाकीच्या कुठल्या घरात पडल्यायत ते तुम्ही मला सांगा, मग मी नंतर करते."

गटनेते खालच्या आवाजात म्हणाले, "तिकिटाचं मग माझ्या हातात राहणार नाही, ताई." धमकी नव्हती ती. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

ताईंनी मान हलवली आणि आत गेल्या.

त्या दिवशीही त्या पाचच ओळी बोलल्या. मला त्या पाठ आहेत. "दवाखान्याची वेळ बदला असं मीच मागितलं होतं. दुसरा डॉक्टर मिळेपर्यंत थांबायचा मला धीर नव्हता, म्हणून सकाळ देऊन संध्याकाळ घेतली. सकाळी येणाऱ्या बायकांना मी विचारलं नाही, ती माझी चूक आहे. आता तीन दिवस सकाळी आणि तीन दिवस संध्याकाळी उघडा. आणि दुसऱ्या डॉक्टरची मागणी मी आजपासून पुन्हा सुरू करते." खाली बसताना त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर चाचपडला. मी उठून आधार द्यायला हवा होता, पण आम्ही सभेत उठायचं नसतं.

समोरच्या बाकांवरून जे यायचं ते आलं. एकजण म्हणाला, बाई स्वतःच कबूल करतायत, मग आम्ही काय बोलायचं. दुसरा बराच वेळ बोलला. ते सगळं मी लिहिलं आणि आता विसरलो आहे. उपसूचना मंजूर झाली.

इतिवृत्ताच्या मसुद्यावरून आमच्याकडे थोडी कुरबुर झाली. वरिष्ठ म्हणाले, सदस्य आपली चूक मान्य करतो असं आपण लिहीत नाही, निर्णय तेवढा लिहा. नियमाला धरून होतं ते. मी मसुदा घेऊन ताईंकडे गेलो. त्यांनी वाचला आणि म्हणाल्या, "माझं वाक्य कुठाय?" मी नियम सांगितला. त्या म्हणाल्या, "करंदीकर, पुढे कधीतरी कोणी दुसरी येईल आणि पुन्हा घाईत सकाळ देऊन संध्याकाळ घ्यायला निघेल. तिला हे वाचायला मिळू दे." मी परत जाऊन वाक्य घातलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांचं ऐकलं नाही, असा तो एकच प्रसंग.

संध्याकाळची माणसं नाराज झाली, आणि त्यांचंही चुकीचं नव्हतं. सामान पोचवणारा एक तरुण ताईंना भर नाक्यावर म्हणाला, "ताई, आमच्यासाठी केलंत आणि आमच्याकडूनच काढून घेतलंत." ताई त्याच्याशी वाद घालत बसल्या नाहीत. "अर्धं घेतलं रे बाबा," म्हणाल्या. "दुसरा डॉक्टर आला की परत देते." दुसरा डॉक्टर आला तेव्हा ताईंची मुदत संपलेली होती. निवडणूक लांबत गेली, आणि झाली तेव्हा उमेदवारी दुसऱ्या बाईंना मिळाली. मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर होतो. फोन केला तर ताई म्हणाल्या, "बरं झालं, मंगळवार मोकळे झाले." आवाज हसरा होता. पण तो फोन खरा सुमनबाईंबद्दलच झाला.

"उठते, काठी घेऊन चालते," त्या सांगत होत्या. "बोलायलापण लागलीय, सावकाश. पण करंदीकर, तोंड सुटलं तरी ती मला काही सांगत नाही. कसं वाटतंय विचारलं की बरां असा. पाय दुखतो का, बरां असा. आधी चाळभर ओरडायची माझ्यावर, माहितीय ना तुम्हाला? भाजीत मीठ कमी पडलं तरी ऐकवायची. आता मी काही केलं तरी बरां असा. मी तिला काय करून ठेवलंय हो?"

मी म्हटलं, होईल हळूहळू. फोनवर माणूस असंच काहीतरी म्हणतो.

त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या उन्हाळ्यात. बायकोने मिरच्या आणि मसाला आणायला लालबागला पाठवलं होतं. आमच्या गिरगावातही मिळतात, पण तिच्या मते त्या मिरच्या नव्हेत. मसाल्याच्या दुकानांतून शिंकत शिंकत बाहेर पडलो तेव्हा दहा वाजत आले होते. म्हटलं, आलोच आहोत तर दवाखान्यावरून जाऊ.

दवाखाना उघडा होता. व्हरांड्यातल्या बाकांवर बायकांची रांग, आणि रांगेच्या मध्यावर ताई आणि सुमनबाई शेजारी शेजारी. कोणी उठून उभं राहिलेलं नव्हतं, कोणी पुढेही घातलेलं नव्हतं. ताई बऱ्याच वाळल्या होत्या. मला पाहून त्यांना आनंद झाला, सरकून जागा करायला लागल्या, पण जागा नव्हती, म्हणून मी समोर भिंतीला टेकून उभा राहिलो. माझी साखर, मुलांची लग्नं, असं थोडं बोलणं झालं. सुमनबाईंनी डावा हात उचलून मला नमस्कार केला. "भटजीबुवा," असं म्हणायला त्यांना वेळ लागला, पण म्हणाल्या.

रांग पुढे सरकत नव्हती. थोड्या वेळाने ताईंनी त्यांच्याकडे वळून विचारलं. रोज किती वेळा विचारत असतील कोण जाणे, इतक्या सवयीने विचारलं. "बरां वाटता मा?"

सुमनबाईंनी तोंड उघडलं. ओठ हलले, थांबले. मला वाटलं शब्द सापडत नसावा.

"नाय," त्या म्हणाल्या.

ताई जवळ सरकल्या.

"ह्यां बाक उंच असा," सुमनबाई एकेक शब्द ओढून काढत म्हणाल्या. "माजे पाय टेकनत नाय. कमर भरान येता. दर म्हयन्याक." श्वास घेतला. "म्हाताऱ्या बायकांक असलां बाक कोण घालता? तुकाच सुचला आसतला."

ताईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्या हसत होत्या. पुसायचं काही त्यांना सुचलं नाही. पर्स माझ्या हातात देऊन त्या बाकावरून उतरल्या आणि गुडघ्यावर हात ठेवत, कण्हत, फरशीवर मांडी घालून बसल्या. मग सुमनबाईंचे दोन्ही पाय उचलून त्यांनी मांडीवर घेतले.

"लोक बघतत गो," सुमनबाई म्हणाल्या.

"बघूंदेत. आणखी काय काय त्रास असा, ता सांग."

"खूप असा."

"मगे सांग. नंबर येवक वेळ असा."

सुमनबाईंनी डाव्या हाताने पदर सारखा केला, घसा साफ केला आणि सांगायला सुरुवात केली.